मिरचीचं मलम

आमच्यापैकी एकाच्या आईला काही वर्षांपूर्वी नागीण झाली होती. लहानपणी कांजण्या होऊन गेल्या की त्यांचा विषाणू शरीरातून पुरता जात नाही. तो मज्जातंतूंच्या मुळाशी दडून राहतो आणि म्हातारपणी, प्रतिकारशक्ती उतरली की परत डोकं वर काढतो. तीच नागीण. बरगडीच्या कडेनं आलेले फोड तीन-साडेतीन आठवड्यांत वाळले, खपल्या पडल्या, कातडी बरी दिसू लागली. दुखणं मात्र गेलं नाही. नुसता पदर घासला तरी त्या पट्ट्यात आग व्हायची. डॉक्टरांनी गोळ्यांबरोबर एक मलमही लिहून दिलं. ट्यूबवरची बारीक अक्षरं वाचण्याची आम्हाला खोड आहे, म्हणून ती वाचली : कॅप्सेसिन, ०.०७५ टक्के.

"म्हणजे काय असतं ते?" आईनं विचारलं.

"मिरचीत असतं. मिरची तिखट लागते ना, ती त्याच्यामुळे."

आईनं ट्यूब खाली ठेवली. "इथं आधीच आग होतेय, आणि त्यावर मिरची चोळायची?"

प्रश्न अगदी रास्त होता आणि आम्हाला त्या दिवशी त्याचं धड उत्तर देता आलं नाही. 'काट्यानं काटा काढायचा' असं काहीतरी आम्ही बोलून गेलो. पण म्हण म्हणजे कारण नव्हे. खरं कारण शोधायला बसलो तेव्हा लक्षात आलं, की हा प्रश्न शास्त्रज्ञांनाही चांगलाच पुरला होता. मिरचीनं दुखणं थांबतं हे माणसाला कित्येक शतकांपासून माहीत होतं. ते का थांबतं याचा पहिला खरा धागा १९४० नंतरच्या दशकात हाती लागला आणि त्याची गाठ १९९७ मध्ये सुटली. ज्ञानेंद्रियांचा धडा शिकवताना हा इतिहास वर्गात सांगण्याजोगा आहे असं वाटलं, म्हणून इथे मांडतो आहोत.

मिरची मूळची अमेरिका खंडातली. तिथल्या जुन्या वस्त्यांमधल्या भांड्यांवर आणि दगडी पाट्यांवर मिरचीच्या पिष्टाचे सूक्ष्म कण सापडले आहेत, त्यांतले सर्वांत जुने सुमारे ६००० वर्षांपूर्वीचे आहेत. एवढ्या काळात मिरची तिथे नुसती खाण्यापुरती राहणं शक्यच नव्हतं. सोळाव्या शतकात मेक्सिकोत राहिलेल्या बेर्नार्दिनो दे साहागुन या स्पॅनिश धर्मगुरूनं तिथल्या मूळ रहिवाशांकडून त्यांच्या चालीरीती, शेती, औषधं अशी सगळी माहिती त्यांच्याच भाषेत गोळा केली. तीत दातदुखीवर मिरची आणि मीठ हिरडीशी दाबून धरण्याचा उपाय आहे. आपल्याकडे दाढेखाली लवंग धरतात, तसाच.

कोलंबस निघाला होता मिऱ्यांच्या शोधात. मिरी मिळाली नाही, मिरची मिळाली. त्याच्या दुसऱ्या सफरीवर बरोबर असलेला वैद्य दिएगो चांका यानं १४९४ च्या पत्रात या तिखट फळाचा उल्लेख केला आहे. पुढच्या शंभर वर्षांच्या आत पोर्तुगीज जहाजांतून मिरची आपल्या किनाऱ्याला लागली. ती गोव्याच्या वाटेनं आली, म्हणून आपल्या भागात तिला पूर्वी 'गोवाई मिरची' म्हणत. या नव्या फळाला नाव देताना लोकांनी जुन्या ओळखीच्या मिऱ्याचाच आधार घेतला आणि 'मिरची' हा शब्द घडला. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीनं ही शुद्ध गल्लत आहे. मिरी ही वेल, तर मिरची वांग्या-टोमॅटोच्या कुळातली. पण या गल्लतीबद्दल आपल्या पूर्वजांना हसण्याची घाई करू नका, पुढे तिच्याकडे परत यायचं आहे.

युरोपात मिरची औषधाच्या कपाटात शिरली ती अंगाला चोळायचं द्रव्य म्हणून. १८५० मध्ये टर्नबुल नावाच्या डॉक्टरनं डब्लिनमधल्या एका नियतकालिकात मिरचीचा मद्यार्कातला अर्क दातदुखीवर आणि थंडीनं सुजून खाजणाऱ्या बोटांवर लावण्याची शिफारस केली. पुढे सांधेदुखी, कंबरदुखी यांसाठी मिरचीच्या अर्काची मलमं आणि चिकटपट्ट्या निघाल्या. त्या काळी या उपायामागचा विचार असा : कातडीवर मुद्दाम चुरचुर उठवली की तिकडे रक्त धावतं आणि आतलं दुखणं बाहेर ओढलं जातं. मोहरीचं पोटीस, आपल्याकडचा बिब्बा, पाठीला दिलेला डाग, या सगळ्यांमागे थोड्याफार फरकानं हीच समजूत आहे. एका वेदनेनं दुसरीकडचं लक्ष काही वेळ हटतं हे खोटं नाही. पण असे उपाय करणाऱ्यांचं सगळं लक्ष आग होण्याकडेच होतं. जितकी आग जास्त, तितका गुण जास्त. आग ओसरल्यानंतर त्या जागेचं काय होतं, हे बारकाईनं पाहण्याचं कुणाला सुचलं नाही.

रसायनशास्त्रज्ञांनी आपलं काम चोख केलं. बुखोल्त्स यानं १८१६ मध्ये मिरचीतलं तिखट द्रव्य अशुद्ध रूपात वेगळं काढलं. इंग्लंडच्या जॉन थ्रेश यानं १८७६ मध्ये त्याचे स्फटिक मिळवले आणि त्याला 'कॅप्सेसिन' हे नाव दिलं. १९१९ मध्ये नेल्सननं त्याची रचना सांगितली आणि १९३० मध्ये ते प्रयोगशाळेत बनवताही आलं. मधल्या काळात, १९१२ मध्ये, अमेरिकेतल्या एका औषध कंपनीत काम करणाऱ्या विल्बर स्कोव्हिल यानं मिरचीचा तिखटपणा मोजायची रीत काढली. मिरचीचा अर्क साखरेच्या पाण्यात पातळ करत जायचा आणि चव घेणाऱ्या पाच जणांच्या जिभेला तिखट लागेनासं झालं की किती पट पातळ केला ते मोजायचं. आज हा आकडा सॉसच्या बाटल्यांवर मिरवतो. पण त्याचा जन्म औषधाच्या कारखान्यात झाला, कारण मलमात घालायच्या मिरचीचा जोर दरवेळी सारखा हवा होता. घरच्या औषधात आणि कारखान्याच्या औषधात पहिला फरक पडतो तो इथेच, मात्रेत.

आता हंगेरीत जाऊ. हा मिरचीवेडा देश आहे. तिथली लाल मिरची, म्हणजे पाप्रिका, त्यांच्या जेवणात आपल्या तिखटाइतकीच हटकून असते. सेगेद हे शहर त्यासाठी प्रसिद्ध आहे. सेगेदच्याच विद्यापीठात आल्बर्ट सेंट-ग्यॉर्गी यांनी पाप्रिकातून 'क' जीवनसत्त्व किलोंच्या हिशेबात वेगळं काढलं. त्यांना १९३७ चं नोबेल मिळालं. मिरचीतलं हे एक द्रव्य जगभर गाजलं, आणि तिथेच काम करणारे औषधशास्त्रज्ञ मिक्लोश यांचो दुसऱ्या द्रव्यामागे लागले, त्याची मात्र बाहेर फारशी वार्ता नव्हती. खरं तर हंगेरीतच होग्येश यांनी १८७८ मध्ये दाखवलं होतं, की मिरचीच्या अर्काचा परिणाम संवेदना वाहणाऱ्या मज्जातंतूंवर होतो आणि त्यामुळे प्राण्यांच्या शरीराचं तापमानही उतरतं. तो धागा सत्तर वर्षं तसाच पडून राहिला.

यांचो यांनी केलेला प्रयोग वाचताना आजही अंगावर काटा येतो. उंदरांच्या डोळ्यांत त्यांनी कॅप्सेसिनचे थेंब घातले. पहिल्या वेळी उंदीर पंजांनी डोळे पुसत सुटले, हे कुणीही सांगितलं असतं. थेंब पुन्हा पुन्हा घातल्यावर त्यांचं डोळे पुसणं कमी होत गेलं आणि शेवटी थांबलं. यालाही कुणी 'सवय झाली' म्हणून सोडून दिलं असतं. यांचो थांबले नाहीत. त्यांनी त्याच डोळ्यांत मिरचीशी संबंध नसलेलं मोहरीचं झोंबरं तेल घातलं. उंदरांना त्याचंही काही वाटलं नाही. मग त्यांनी डोळ्याला अलगद स्पर्श करून पाहिलं. पापणी नेहमीसारखीच मिटली!

या एका प्रयोगात किती गोष्टी आहेत पाहा. डोळा बधिर झाला नव्हता, कारण स्पर्श कळत होता. उंदीर नुसते मिरचीला सरावले नव्हते, कारण मोहरीही झोंबेनाशी झाली होती. म्हणजे झोंबणं आणि जळजळणं कळवणारे मज्जातंतू वेगळे असले पाहिजेत. कॅप्सेसिन नेमकं त्यांनाच आधी पेटवतं आणि मग गप्प करतं. स्पर्शाचे तंतू शाबूत राहतात. नुसती वेदना काढून घेणारं आणि स्पर्श तसाच ठेवणारं असं द्रव्य तोपर्यंत कुणाच्या हाती लागलं नव्हतं. यांचो यांनी यातलं थोडंच प्रसिद्ध केलं. १९६६ मध्ये त्यांचं निधन झालं. त्यांच्या पत्नी ऑरेलिया यांचो-गाबोर आणि शिष्य यानोश सोल्चानी यांनी १९६७ मध्ये ते काम इंग्रजीत मांडलं, तेव्हा कुठे बाहेरच्या जगाचे डोळे उघडले.

यातला पहिला अर्धा भाग आपल्याही घरांत होता. चैत्र-वैशाखात वर्षाचा मसाला करणाऱ्या बायका सांगतात, की पहिल्या दिवशी मिरच्यांची देठं खुडताना हातांची फार आग होते, चार दिवसांनी तेवढी होत नाही. 'हात सरावले' म्हणून आपण तो विषय संपवतो. सरावणं म्हणजे नेमकं काय, हे विचारायची पाळी सेगेदवर आली.

मज्जातंतूंच्या टोकाशी घडतं तरी काय, याचं उत्तर कॅलिफोर्नियातल्या डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेतून आलं. मायकेल कॅटरिना आणि त्यांचे सहकारी यांनी उंदराच्या वेदनावाही पेशींमध्ये चालू असलेल्या जनुकांच्या हजारो प्रती घेतल्या. मिरचीचं ज्यांना काहीच सोयरसुतक नसतं अशा दुसऱ्या पेशींमध्ये त्या गटागटांनी घातल्या आणि प्रत्येक गटावर कॅप्सेसिन सोडून पाहिलं. पेशीत कॅल्शियम शिरलं की ती चमकावी अशी सोय केलेली होती. गवताच्या गंजीत सुई शोधण्याचाच प्रकार, फक्त इथे सुई स्वतःहून चमकणार होती. एक गट चमकला. त्याचे भाग पाडत पाडत ते एका जनुकापाशी पोचले. ते जनुक पेशीच्या आवरणातलं एक प्रथिन बनवत होतं. हे प्रथिन म्हणजे एक दार. कॅप्सेसिन येऊन चिकटलं की दार उघडतं, कॅल्शियम आत घुसतं आणि मेंदूकडे 'भाजलं!' असा निरोप जातो.

पण उंदराच्या किंवा माणसाच्या शरीरात मिरचीसाठी दार असण्याचं कारणच काय? ते दार मुळात मिरचीसाठी नव्हतंच. सुमारे ४३ अंश सेल्सियसच्या पुढे तापमान गेलं, की कॅप्सेसिन नसतानाही ते उघडतं. ती शरीराची भाजण्याची सूचना आहे. मिरची तीच घंटा खोट्यानं वाजवते. मिरची 'जाळते', तोंडाला 'आग लागते' हे शब्द आपण उपमा म्हणून वापरतो असं वाटायचं, ते अगदी शब्दशः खरे निघाले. हा शोध १९९७ मध्ये प्रसिद्ध झाला आणि २०२१ चं वैद्यकाचं नोबेल ज्युलियस यांना आर्डेम पॅटापुशन यांच्यासोबत मिळालं.

वर्गात याचा पडताळा सोपा आहे. पोह्यांबरोबर मिरची खाल्ल्यावर लगेच कोमट चहाचा घोट घ्या. एरवी सुखद वाटणारा चहा चटका देतो, कारण कॅप्सेसिनमुळे ते दार कमी तापमानालाच उघडू लागतं. पक्ष्यांच्या बाबतीत मात्र हे होत नाही. त्यांच्याकडे हे दार आहे, ते उष्णतेनं उघडतं, पण त्यावर कॅप्सेसिन चिकटायची जागा वेगळी असल्यामुळे मिरचीनं उघडत नाही. म्हणून पोपट मिरची आवडीनं खातो. यात मिरचीचाही फायदा आहे. बिया दातांनी चावून नष्ट करणारे सस्तन प्राणी दूर राहतात आणि त्या अखंड गिळून लांब नेऊन टाकणारे पक्षी जवळ येतात.

आता आईच्या प्रश्नाकडे. दार थोडा वेळ उघडलं तर आग होते. पुष्कळ कॅप्सेसिननं, किंवा थोड्या कॅप्सेसिननं पुन्हा पुन्हा, ते उघडंच ठेवलं, तर आत घुसलेल्या कॅल्शियमचा भार मज्जातंतूच्या टोकाला सोसत नाही. आधी ते टोक निरोप पाठवेनासं होतं, आणि भार फारच झाला तर कातडीतून मागे सरतं. ते पुन्हा वाढून यायला आठवडे, कधी महिने लागतात. नागिणीनंतर जे दुखतं त्यात कातडीला इजा उरलेली नसते. बिघडलेले तंतूच विनाकारण घंटा वाजवत राहतात. मिरची त्या घंटेची तार काही काळ सोडवून ठेवते. म्हणजे 'आतली आग बाहेर ओढली जाते' हे जुनं स्पष्टीकरण चुकीचं, आणि उपाय मात्र बरोबर. आग हा या उपायाचा गुण नव्हेच, ते त्याचं भाडं आहे. २००९ मध्ये अमेरिकेत ८ टक्के कॅप्सेसिनच्या पट्टीला नागिणीनंतरच्या दुखण्यासाठी मान्यता मिळाली. ती दवाखान्यातच, हातमोजे घालून, तासभर लावतात आणि गुण आला तर तो तीन महिन्यांपर्यंत टिकतो. २०२० मध्ये मधुमेहींच्या पायांच्या दुखण्यासाठीही तिला मान्यता मिळाली.

गुण आला 'तर', हे मुद्दाम म्हटलं. अशा औषधाची चाचणी कशी घ्यायची, हा विद्यार्थ्यांना घालण्याजोगा कोडं आहे. निम्म्या रुग्णांना खरं औषध आणि निम्म्यांना दिसायला तसंच, पण पोकळ औषध देतात, आणि कुणाला काय मिळालं ते कळू देत नाहीत. इथे ज्याला आग होईल त्याला लगेच कळणार! म्हणून तुलनेच्या पट्टीतही ०.०४ टक्के कॅप्सेसिन घालावं लागलं, नुसती चुरचुर होण्यापुरतं. एवढी काळजी घेऊन केलेल्या तुलनेत ८ टक्क्यांच्या पट्टीनं अधिक लोकांना आराम पडला, पण सगळ्यांना नाही. आईच्या मलमासारख्या सौम्य मलमांचा पुरावा तर आणखी कच्चा आहे.

आणि इथे एक गोष्ट स्पष्ट लिहायला हवी. हे वाचून कुणी दुखऱ्या गुडघ्यावर मिरची वाटून लावू नये. एका मिरचीत किती कॅप्सेसिन आहे ते जात, ऊन, पाणी यांवर ठरतं आणि पाहून कळत नाही. बियांना धरून ठेवणाऱ्या पांढऱ्या भागात ते सर्वांत जास्त असतं. वाटलेल्या मिरचीनं कातडीवर फोड आल्याची उदाहरणं आहेत. 'नैसर्गिक आहे, अपाय काय होणार' या बोलण्याला मिरचीइतकं रोकडं उत्तर दुसरं नसेल. मधुमेहींनी तर जास्तच जपावं, त्यांच्या पायांची संवेदना आधीच कमी झालेली असते आणि कातडी भाजली तरी कळत नाही. सेगेदमध्येही दिसलं होतं, की कॅप्सेसिनच्या मोठ्या मात्रेनंतर उंदरांना उष्म्यापासून स्वतःचं नीट रक्षण करता येत नाही, त्यांचं शरीर तापत जातं. हात झोंबले तर आधी तेल चोळून मग साबण लावावा. कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही, नुसत्या पाण्यानं ते पसरतं.

मिऱ्याची गोष्ट राहिली. ज्युलियस यांच्या शोधानंतर इतर मसाल्यांची परीक्षा सुरू झाली. मिऱ्यातलं पायपरीन तेच दार उघडतं, म्हणजे मिऱ्यावरून मिरचीचं नाव ठेवणाऱ्यांची जीभ वनस्पतिशास्त्राला चुकली तरी मज्जातंतूंना चुकली नव्हती. आल्यातलं जिंजेरॉलही ते उघडतं. आपण डोकं दुखलं की सुंठ उगाळून कपाळाला लेप देतो. दाढेखाली धरायच्या लवंगेतलं युजेनॉलही ते उघडतं, शिवाय ते मज्जातंतूंतले निरोप दुसऱ्या वाटेनंही अडवतं. कॅप्सेसिन, जिंजेरॉल आणि युजेनॉल या तिघांच्या रेणूंची चित्रं फळ्यावर शेजारी शेजारी काढा. प्रत्येकाच्या एका टोकाला तेच षटकोनी कडं आणि त्यावर त्याच जागी तेच दोन गट दिसतील. सुंठेच्या लेपानं डोकं खरंच थांबतं का, याचा निवाडा या चित्रावरून होत नाही, त्याला वेगळी चाचणी हवी.

आईनं मलम लावलं. पहिला आठवडा तिनं आम्हाला आणि डॉक्टरांना मनसोक्त बोल लावले. तिसऱ्या आठवड्यात एकदा तिच्या लक्षात आलं, की सकाळपासून पदर सारखा करताना हात थबकला नाही. हे मलमानं झालं, गोळ्यांनी झालं की दिवस गेल्यामुळे झालं, हे एका आईवरून सांगता येणार नाही, आणि तसं आम्ही तिला सांगितलंही. तिचं म्हणणं मिरचीनंच झालं. ट्यूब मात्र तिनं औषधांच्या डब्यात न ठेवता स्वयंपाकघराच्या फडताळात सगळ्यात वर, नातवंडांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवली.